सैनिकी हेलिकॉप्टरे : प्रकार, कामे आणि मर्यादा
(प्रशिक्षणवर्गातील व्याख्यान)



गावाला पुराचा वेढा पडला की लोकांचे डोळे आभाळाकडे लागतात. हेलिकॉप्टर येते, मोजकी माणसे उचलून निघून जाते, आणि मागे राहिलेल्यांच्या मनात प्रश्न उरतो : यंत्र एवढे मोठे, मग माणसे एवढीच का? या प्रश्नाचे उत्तर पंचायत सदस्यांना आणि शिक्षकांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. कारण त्या घटकेला गर्दीची समजूत घालण्याचे काम त्यांच्याकडेच येते. सैनिकी हेलिकॉप्टरांचे इतके प्रकार का झाले, हेही त्याच उत्तरात सामावले आहे.

युद्धक्षेत्रातून हेलिकॉप्टरने माणसांची सुटका प्रथम झाली ती एप्रिल १९४४ मध्ये, आणि त्या कामगिरीचे उड्डाण आसामातील लालाघाटच्या धावपट्टीवरून झाले होते. ब्रह्मदेशाच्या अरण्यात एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकले होते. कार्टर हार्मन हे अमेरिकन अधिकारी सिकोर्स्की बनावटीचे लहानसे हेलिकॉप्टर घेऊन गेले. त्या उष्ण, दमट हवेत यंत्राला चालकाखेरीज एकच माणूस पेलवत होता. चौघांसाठी चार खेपा कराव्या लागल्या, आणि इंजिन तापल्यामुळे मध्ये एक रात्र थांबावेही लागले.

कारण साधे आहे. फिरती पाती हवा खाली ढकलतात, म्हणून यंत्र वर उचलले जाते. उन्हाने तापलेली हवा विरळ. उंच पहाडावरची हवाही विरळ. त्यात इंधनाचे वजन धरावयाचे, आणि जागच्या जागी तरंगत राहणे तर सर्वांत कष्टाचे. मैदानात वीस माणसे नेणारे यंत्र पहाडावर तेवढीच नेईल, असे समजू नये.

याच अडचणीतून प्रकार निपजले. आपल्याकडील चीता हे फ्रेंच 'लामा'चे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले रूप. 'लामा'ने १९७२ मध्ये १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला होता. देहाने किरकोळ, पण विरळ हवेत तग धरणारे असे हे यंत्र. १९८४ पासून सियाचेनच्या ठाण्यांना रॉकेल, अन्न, औषधे पोहोचवून हिमदंश झालेल्या जवानाला खाली आणण्याचे काम त्याने केले. सर्वांत उंच ठाण्यांवर एका खेपेचा भार थोड्याच किलोंचा असे. तरी त्याच खेपांवर ठाणे जगत होते.

मध्यम हेलिकॉप्टरांनी डिसेंबर १९७१ मध्ये युद्धाला वळण दिले. आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवल्यावर लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी एमआय-४ हेलिकॉप्टरांतून आपले सैनिक मेघना नदीपार उतरवले, आणि ढाक्याचा मार्ग खुला झाला. आजचे एमआय-१७ त्याच घराण्यातील. सुमारे २४ सैनिक किंवा चार टन माल ही त्याची मजल, अर्थात हवा अनुकूल असेल तर. २०१९ मध्ये हवाई दलात आलेल्या चिनूकला दोन मोठे चक्राकार पंखे असून शेपटीवर पंखा नाही. त्यामुळे इंजिनाची जवळजवळ सर्व शक्ती भार उचलण्याकडे लागते. हलकी तोफ पोटाखाली टांगून डोंगरावर नेण्यास ते उपयोगी पडते.

हल्ल्याच्या हेलिकॉप्टरांची कथा अधिक कटू आहे. कारगिलच्या वेळी, २८ मे १९९९ रोजी, रॉकेटे बसवलेले एक एमआय-१७ तोलोलिंगजवळ क्षेपणास्त्राने पाडले गेले व त्यातील चौघेही वीरगती पावले. वाहतुकीच्या यंत्राकडून लढाऊ यंत्राचे काम करून घेण्याची ही किंमत होती. त्या उंचीवर लढू शकेल असे स्वदेशी 'प्रचंड' हवाई दलात दाखल झाले ते २०२२ मध्ये. त्याचा देह अरुंद, दोघे वैमानिक एकामागे एक बसणारे; सैनिक वाहून नेण्यास त्यात जागाच नाही.

नौदलाची हेलिकॉप्टरे समुद्रावर तरंगत ध्वनिशोधक यंत्र पाण्यात सोडतात आणि पाणबुडीचा माग काढतात. मुंबईला कुलाब्याच्या 'शिक्रा' तळावरील हेलिकॉप्टरांचा आवाज अनेकांनी ऐकला असेल.

आता पुन्हा गावाकडे. जुलै २०१९ मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा हेलिकॉप्टरेही धाडली होती; पण हजारांवर प्रवाशांची सुटका मुख्यतः बोटींनी आणि माणसांच्या हातांनी झाली. बोट जाऊ शकते तेथे हेलिकॉप्टरची वाट पाहत बसू नये. २५ जून २०१३ रोजी उत्तराखंडात मदतकार्यातील एमआय-१७ कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. ही मदत निर्धोक नसते, हे लोकांना स्पष्ट सांगावे.

शाळेचे पटांगण उतरण्यासाठी निवडाल तर भोवतालच्या विजेच्या तारा आधी पाहा. पत्रे, ताडपत्र्या, कडबा दूर हलवा. पात्यांच्या वाऱ्याने पत्रा उडाला तर माणूस दगावेल आणि यंत्रही. कडेला धूर करा, म्हणजे वैमानिकाला वाऱ्याची दिशा कळेल. त्याने खूण केल्यावाचून कोणी पुढे जाऊ नये. जावयाचे ते समोरून, वाकून. शेपटीकडे मुळीच नाही. जमीन उताराची असेल तर खालच्या बाजूने जा, कारण वरच्या बाजूला पाती डोक्याच्या उंचीवर येतात. आजारी, गरोदर स्त्रिया, लहान मुले अशी यादी आधीच करून ठेवा. यंत्र डोक्यावर घोंगावत असताना ती होत नाही. आणि उतरण्यास जागा नसल्यामुळे वरून दोर सोडला, तर तो प्रथम जमिनीला किंवा पाण्याला टेकू द्या, मगच हात लावा. उडत्या हेलिकॉप्टरवर विजेचा भार साठतो, आणि तो दोरातून पहिल्या धरणाऱ्याला जोरदार झटका देतो.