व्यायामाचा नेम



व्यायामाचा संकल्प करून न मोडलेला कार्यकर्ता विरळाच. चार दिवस पहाटे उठणे होते. पाचव्या दिवशी दौरा, सहाव्या रात्री लांबलेली बैठक, आणि सातव्या दिवशी ‘आपल्यापाशी निग्रहच नाही’ असा स्वतःवर ठपका. हा ठपका बव्हंशी अन्याय्य असतो.

जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली लंडनच्या बस कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली. बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. वाहकांना त्यासाठी वेगळा निग्रह करावा लागला नव्हता. हालचाल त्यांच्या कामातच गुंफलेली होती.

लंडनमध्येच फिलिपा लॅली यांनी २००९ साली सवयींचा अभ्यास मांडला. रोजच्या एका ठराविक प्रसंगाला जोडलेली कृती अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागले. कोणास अवघे १८, तर कोणास २५४. एखादा दिवस चुकल्याने मात्र घडी विस्कटली नाही.

तेव्हा सकाळच्या चहाआधीची वीस मिनिटे ठरवावीत, सोबती ठरवावा, आणि चुकलेल्या दिवसाचे सुतक पाळू नये. परंतु दोन पाळ्या करणाऱ्याला किंवा पहाटे नळावर रांग लावणारीला हा उपदेश पुरणार नाही. तिथे हवी फुरसत आणि वस्तीजवळचे मोकळे मैदान. स्वतःचा नेम सांभाळावा, आणि इतरांना तो सांभाळता यावा म्हणून झटावे. ही दोन्ही कामे एकाच कार्यकर्त्याची आहेत.