उकळती कॉफी आणि मालकाची जबाबदारी

(अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



अमेरिकेतल्या एका म्हातारीने अंगावर कॉफी सांडून घेतली आणि लाखो डॉलर्स कमावले, ही गोष्ट आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा ऐकली आहे. काहींनी ती हसत हसत सांगितलीही असेल. मीही सांगितली आहे. म्हणूनच आज ती खटल्यात जशी पुढे आली तशी मांडणार आहे.

२७ फेब्रुवारी १९९२ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरात ७९ वर्षांच्या एका बाईंनी मॅक्डोनाल्ड्सच्या खिडकीतून ४९ सेंटांची कॉफी घेतली. मोटार त्यांचा नातू चालवीत होता आणि त्या वेळी ती उभी होती. दूध-साखर घालण्यासाठी त्यांनी पेला गुडघ्यांत धरून झाकण ओढले. सारी कॉफी मांडीवर सांडली. शरीराच्या सुमारे ६ टक्के भागावरील कातडी पार आतपर्यंत जळाली. आठ दिवस इस्पितळात काढावे लागले, त्वचारोपण करावे लागले. त्यांनी कंपनीकडे २० हजार डॉलर्स मागितले. कंपनीने ८०० देऊ केले.

१९९४ साली खटला उभा राहिला तेव्हा उघड झाले की, कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअस इतकी गरम ठेवावी हा कंपनीचाच दंडक होता. एवढ्या तपमानाला कातडी काही सेकंदांत खोलवर भाजते. १९८२ ते १९९२ या काळात भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीच्या दप्तरी जमा होत्या. कंपनीच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले की, पद्धत बदलावी इतकी ही संख्या मोठी नाही. माझ्या मते सगळा खटला या एका उत्तरात आहे. माणसे भाजतात हे कंपनीला ठाऊक होते. किती भाजली तर परवडतात, एवढाच हिशेब बाकी होता.

ज्यूरीने २० टक्के दोष बाईंच्या पदरी घातला आणि २ लाखांची भरपाई १ लाख ६० हजारांवर आणली. हे कोणी सांगत नाही. शिक्षा म्हणून जो २७ लाखांचा आकडा ठरवला, तो कंपनीच्या अवघ्या दोन दिवसांच्या कॉफीविक्रीएवढा होता. न्यायाधीशांनी तोही ४ लाख ८० हजारांवर आणला आणि पुढे दोन्ही पक्षांत गुप्त तडजोड झाली. लोकांच्या स्मरणात मात्र २७ लाखच राहिले. भरपाईवर कायद्याने मर्यादा घालावी म्हणणाऱ्या उद्योगपतींनी या आकड्याचा पुरेपूर वापर केला. तसे एक विधेयक अमेरिकी काँग्रेसने संमतही केले. १९९६ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी ते नकाराधिकाराने रोखले. अनेक राज्यांत मात्र अशा मर्यादा आल्या.

येथे कोणी विचारील, मग आपल्या टपरीवरच्या चहावाल्यालाही कोर्टात खेचायचे काय? टपरीवाल्याच्या दप्तरी ७०० तक्रारी नसतात. गिऱ्हाईक ओरडले की तो दुसऱ्या दिवशी सावध होतो. आणि शिक्षा जर विक्रीच्या प्रमाणात द्यायची, तर त्याच्या वाट्याला येऊन येऊन किती येणार?

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाच्या दोषाबद्दलच्या जबाबदारीचे स्वतंत्र प्रकरण आहे. जिल्हा आयोगाला दंडात्मक भरपाई देण्याचाही अधिकार आहे. परंतु त्यातच एक पळवाट आहे. धोका उघड किंवा सर्वांना ठाऊक असेल, तर इशारा दिला नाही म्हणून उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. कॉफी गरम असते हे कोणाला ठाऊक नाही, असे वकील म्हणणारच. त्यावर आपले म्हणणे असे हवे की, कॉफीने जीभ पोळते हे ठाऊक असते, कातडी बदलावी लागते हे ठाऊक नसते.

आणखी एक गोष्ट. मार्च २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने स्टारबक्सविरुद्ध ५ कोटी डॉलर्सचा निर्णय दिला. त्यात भाजलेला माणूस गिऱ्हाईक नव्हता. दुसऱ्याने मागवलेली पेये पोचवणारा तो कामगार होता. आमच्या कायद्यातला ग्राहक म्हणजे विकत घेणारा, किंवा त्याच्या संमतीने वापरणारा. पाठीवर पेटी बांधून जिने चढणारी मुले, माझ्या वाचनाप्रमाणे, यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांच्यात काम करणाऱ्या साथींनी याबद्दलचे आपले अनुभव दुपारच्या बैठकीत मांडावेत.