ट्रॅक्टर किती ओढतो, किती आवरतो

धानाची मळणी आटोपली, की लालबर्रा तालुक्याच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रहदारी सुरू होते. बालाघाट जिल्ह्याचा हा भाग वैनगंगेच्या खोऱ्यातला. याच जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. १९५६ पर्यंत बालाघाट ज्या प्रांतात होते, त्याची राजधानी नागपूर होती. पुढे राज्ये वेगळी झाली, तरी भंडारा-गोंदियाची धानपट्टी आणि ही भूमी यांची शेती, अवजारे आणि अडचणी एकाच जातीच्या राहिल्या. मळणीनंतरचे दृश्यही दोन्हीकडे एकच दिसते. पुढे एक ट्रॅक्टर, मागे पोत्यांचा डोंगर, आणि त्या डोंगराच्या माथ्यावर बसलेली दोन-चार माणसे.

ट्रॉलीत किती पोती घालावीत, असे कोणी ट्रॅक्टरवाल्यास विचारले, तर उत्तर ठरलेले असते : “भाऊ, चाळीस घोड्यांचा आहे, पहाडही ओढेल!” हे उत्तर खोटे नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला निष्कर्ष. यंत्राची अश्वशक्ती हे भार ठरविण्याचे माप आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. आणि वास्तविक तिचा या प्रश्नाशी फार थोडा संबंध आहे.

हिशेबासाठी दोन टनांचा एक ट्रॅक्टर घ्यावा. त्याच्यामागे दोन चाकांची ट्रॉली. ट्रॉली रिकामी दीड टनाची, आणि तीत साडेचार टन धान, म्हणजे ४० किलोंच्या पोत्यांनी मोजल्यास ११२ पोती. सगळे मिळून आठ टन. डांबरी सपाट रस्त्यावर रबरी चाकांना लागणारा अडथळा वजनाच्या शेकडा दोनच्या आसपास असतो. तेव्हा हे आठ टन हलते ठेवण्यास १६० किलोंची ओढ पुरे. ताशी २५ किलोमीटर वेगाने तेवढी ओढ देण्यास सुमारे १५ अश्वशक्ती लागते. वीस मीटरला एक मीटर असा चढ लागला, तर ओढ ५६० किलोंवर जाते. पण चालक खालचा गियर घालतो, वेग ताशी १० किलोमीटरवर येतो, आणि २० अश्वशक्तीत काम भागते. गियरची करामतच ही, की वेग सोडून जोर मिळविता येतो. यंत्र कधी ‘पुरे’ म्हणत नाही. बैल म्हणतो. आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून फार अधिक ओढ तो दिवसभर देऊ शकत नाही. भार जास्त झाला तर तो मान टाकतो, थांबतो, प्रसंगी बसतो. बंडीवाल्याला भाराची मर्यादा बैलाने शिकविली. ट्रॅक्टर ती शिकवीत नाही.

बंडीवाल्याला आणखीही एक गोष्ट ठाऊक होती. भार नुसता किती आहे एवढेच तो पाहत नसे. तो कणाच्या पुढे किती आणि मागे किती, हेही पाहत असे. मागे जास्त झाला तर बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झाला तर सारे ओझे मानेवर येते आणि खांदे सोलून निघतात. म्हणून पोती चढविताना तो अधूनमधून जू हाताने उचलून पाही. जू हाताला थोडे जड लागावे, फार नव्हे. एवढे जमले की बंडी भरली.

दोन चाकांची ट्रॉली ही याच बंडीची वंशज होय. तिच्या दांडीचे टोक बैलांच्या मानेऐवजी ट्रॅक्टरच्या हूकवर टेकते. उदाहरणातल्या सहा टनांपैकी सुमारे एक टन तिथे येतो असे धरले, तर तो हूक मागच्या चाकांच्या आसाच्याही मागे, अंदाजे ७० सेंटिमीटरवर असतो. तराजूच्या दांडीसारखे येथे घडते. मागचा आस हा टेकू. हूकवरचा टन खाली दाबतो आणि पुढची चाके वर उचलू पाहतो. दोन टनांच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात ८०० किलो असतात, असे समजू. पुढच्या-मागच्या आसांत दोन मीटरांचे अंतर धरले, तर हूकवरचा टन त्यांतले ३५० किलो काढून घेतो. उरले ४५०. चढ लागला की ट्रॉलीची ओढ आणि ट्रॅक्टरचे स्वतःचे मागे झुकणे यांनी आणखी शंभर-सव्वाशे किलो कमी होतात. आता चालक सुकाणू फिरवितो. चाके फिरतात, पण ती जमिनीस नीट टेकलेलीच नसल्यामुळे ट्रॅक्टर सरळच जातो. पुढच्या आसावर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा राहावा, असा दंडक यंत्रविद्येत मानतात. येथे तो ४०० किलोंचा झाला, आणि चढावर तो मोडला.

पुष्कळ ठिकाणी हूक वर चढवून बसविलेला दिसतो. मोठ्या ट्रॉलीची दांडी सपाट राहावी, हा त्यामागचा हेतू. परंतु ओढ जितक्या उंचीवरून लागते, तितक्या प्रमाणात ती पुढची चाके उचलते. हूकची उंची दुप्पट केली की तीच ओढ दुप्पट जोराने उचलते. चिखलात रुतलेली ट्रॉली काढण्यासाठी उंच हूकवरून जोराचा हिसका दिला, आणि ट्रॅक्टर मागे उलटून चालकाच्या अंगावर पडला, ही घटना शेतीच्या जगात कोणत्याही देशाला नवी नाही.

याच अडचणीवर मोटारींच्या दुनियेत एक जुनी युक्ती आहे. घोड्याच्या चारचाकी बग्गीत पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर जमिनीशी समांतर असे एक लोखंडी वर्तुळ बसवीत. चार चाके रस्त्यावर, आणि हे पाचवे आडवे. म्हणून त्याला पाचवे चाक म्हणत. पुढे लांब मालमोटारी निघाल्या, तेव्हा मागच्या गाडीचा खांब टेकविण्याच्या चकतीला तेच नाव राहिले. अमेरिकेत उघड्या हौद्याच्या पिकअप मोटारीमागे राहते घर जोडून हिंडण्याची हौस आहे. त्या घराची मानही अशाच चकतीवर, हौद्याच्या आत, बरोबर मागच्या आसावर किंवा किंचित पुढे टेकविलेली असते. त्यामुळे भार कितीही असला तरी पुढची चाके उचलली जात नाहीत.

म्हणून तिकडचा मालक निश्चिंत असावा, असे वाटेल. पण त्याची फसगत दुसऱ्या दाराने होते. समजा, विक्रेत्याच्या पत्रकात लिहिले आहे की गाडी सहा टन ओढते. त्याने पाच टनांचे घर घेतले आणि एक टन हाती राखला म्हणून समाधान मानले. आता अशा घराच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा चकतीवर येतो. येथे तो १,००० किलो झाला. चकती स्वतः शंभरेक किलोंची. चालक, बायको-मुले, पाणी आणि सामान मिळून ३०० किलो. एकूण १,४०० किलो गाडीच्या पाठीवर बसले, आणि तिची पेलण्याची मर्यादा समजा १,१०० आहे. ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात. पेलण्याचा आकडा दाराच्या चौकटीवरील लहानशा पट्टीवर असतो. ओढते खरी, पेलत नाही. लालबर्र्याच्या शेतकऱ्याचा प्रश्न आणि त्या हौशी प्रवाशाचा प्रश्न या ठिकाणी एक होतात.

ओढणे झाले, पेलणे झाले, राहिले आवरणे. तिन्हींत हे कठीण, आणि याचाच विचार सर्वांत कमी होतो. गोंदिया-बालाघाट-जबलपूर हा सातपुड्यातला जुना अरुंद रेल्वेमार्ग या भागातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. त्या चिमुकल्या गाडीच्या डब्यांनाही ब्रेक होते, केवळ इंजिनाने सारी गाडी आवरावी अशी अपेक्षा नव्हती. ट्रॉलीला मात्र पुष्कळदा ब्रेकच नसतो. तिचे सहा टन ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी थांबवावयाचे असतात.

तोच आठ टनांचा संच ताशी २५ किलोमीटर वेगाने चालला आहे. कोरड्या डांबरावर सपाटीला ब्रेक दाबल्यावर तो सुमारे १२ मीटरांत थांबतो. ओल्या, मुरमाड रस्त्यावर २२ मीटर लागतात. आता रस्ता नाल्यावरच्या रपट्याकडे उतरतो आहे, उतार वीसास एक, आणि जमीन तशीच ओली. थांबावयास ४१ मीटर लागतात. चालकाच्या ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत आणखी सात मीटर गेलेलेच असतात. रपट्यावर एखादे गुरू आडवे आले असेल, तर हे मीटर कोठून आणावयाचे?

अशा वेळी भार कमी करावा, असा उपदेश सहसा केला जातो. तो चुकीचा नाही. परंतु हिशेब केला असता चकित व्हावयास होते. पंचवीस पोती उतरविली, तर ४१ मीटरांचे ३९ होतात. कारण भार उतरला तसा मागच्या चाकांवरचा दाबही उतरला, आणि त्यांची जमिनीवरची पकड तेवढी ढिली झाली. वेग निम्मा केला, तर मात्र ४१ मीटरांचे सुमारे १० होतात. आणि वेग तोच ठेवून ट्रॉलीच्या चाकांना ब्रेक बसविला, तरीही अंतर तितकेच, दहा-अकरा मीटर, होते.

चार चाकांच्या ट्रॉलीविषयी येथे एक शब्द बोलणे अवश्य आहे. तिचा पुढचा आस चकतीवर फिरतो, म्हणजे बग्गीचे पाचवे चाक तीत जसेच्या तसे आहे. तिचा भार हूकवर जवळजवळ येत नाही. पुढची चाके उचलली जाण्याचे भय नाही. म्हणून ती निर्धोक समजून लोक तीत अधिक भरतात. पण हूकवर भार नाही म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना दाबणारे कोणी नाही. त्याच ओल्या उतारावर, त्याच सहा टनांची, ब्रेक नसलेली चारचाकी ट्रॉली घेऊन हा ट्रॅक्टर थांबावयास २०० मीटर घेईल. रपटा कधीच मागे पडलेला असेल. शिवाय मागून रेटणारी ट्रॉली रेषेत राहत नाही; ती ट्रॅक्टरला कुशीत ढकलून आडवा करते. पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या मोसमात एका ट्रॅक्टरमागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या धावतात, तेथे ही ढकलाढकल दोन सांध्यांवर होत असते.

पोत्यांवर बसणाऱ्या माणसांची गोष्ट याहून निराळी. धान हलत नाही, माणसे हलतात. वळणावर सारी एका अंगाला कलतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ यात्रेहून परतणारी ट्रॉली पाण्यात उलटली आणि पंचवीसांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती.

शेतकऱ्याची निकड खोटी आहे असे नाही. ट्रॉली भाड्याची असते, भाडे फेरीवर असते. खरेदी केंद्रावरचा दिवस ठरलेला, आभाळ केव्हा येईल याचा नेम नसतो. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत जावा असे त्याला वाटते, यात दोष तो कोणता? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन जादा भारास वीस हजार रुपये, आणि शिवाय प्रत्येक जादा टनास दोन हजार, असा दंड ठरला आहे. पण दंडाच्या भीतीने आडवाटेचा रस्ता धरला जातो, आणि आडवाटेचा रस्ता बहुधा अधिक उताराचा असतो.

यापेक्षा धर्मकाट्याचा उपयोग निराळ्या रीतीने करता येतो. सुटा ट्रॅक्टर काट्याजवळ न्यावा आणि केवळ पुढची चाके काट्यावर चढवून वजन घ्यावे. मग ट्रॉली जोडून, भरून, पुन्हा केवळ पुढची चाके चढवावीत. दोन पावत्यांतला फरक म्हणजे हूकने काढून घेतलेला भार. पुढच्या चाकांवर फार थोडे उरले असेल, तर पुढच्या रांगेतली काही पोती मागे सरकवावीत. मात्र इतकी नव्हेत की ट्रॉली उलाळ होऊन हूकच वर उचलेल. नांगरणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या नाकावर अडकवितात ती लोखंडी वजने वाहतुकीच्या दिवसांत घरी कोपऱ्यात पडलेली असतात, तीही लावावीत. एकदा घेतलेले हे माप त्या जोडीपुरते मोसमभर पुरते, पोती तशीच रचली म्हणजे झाले.

ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळण घेण्यास ते सोयीचे. रस्त्यावर एकच दाबला गेला तर सारा संच गिरकी घेतो. दोन्ही पायपट्ट्यांना जोडणारी एक कडी असते, ती बांध ओलांडतानाच लावावयाची. आणि रपट्याचा उतार दिसताच, तो सुरू होण्यापूर्वी, तोच चढ असता तर जो गियर घातला असता तो घालावा. उताराच्या मध्यावर गियर बदलू नये, आणि पाणी ओलांडून पलीकडच्या चढाला लागेपर्यंत क्लचला पाय लावू नये.