आखाजी ते मृग : घरातील लशीचा निर्णय

(शिंदखेडा येथील कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



आखाजी सरली की खान्देशातील घरांचे लक्ष मृगाकडे लागते. सालदाराचे नवे साल सुरू झालेले असते, कपाशीचे बियाणे आणि खते आणायची असतात, मुलांच्या प्रवेशाचे शुल्क दारात उभे असते. पैसा ज्या ज्या वाटांनी जायचा त्या सर्व वाटा या महिना-दीड महिन्यात उघडतात. नेमक्या याच दिवसांत एखाद्या घरी डॉक्टर सुचवितात, 'आजोबांना मधुमेह आहे, सूनबाईंना पाचवा महिना आहे, फ्लूची लस घेऊन टाका.' रात्री जेवणानंतर विषय निघतो. साध्या तापाला लस कशाला, असे एक जण म्हणतो. हा सारा परदेशी कंपन्यांचा धंदा आहे, असे दुसऱ्याचे मत पडते. करोनाच्या दोन-दोन मात्रा घेतल्या, आता आणखी काय राहिले, असे तिसरा विचारतो. मग पेरणी लागते आणि विषय तेथेच राहतो. ज्यांच्याविषयी बोलणे चालले होते ते आजोबा आणि ती सून या दोघांना मात्र कोणी काही विचारलेले नसते.

हा निर्णय कुटुंबाने बसून, समजून घेऊन करावयाचा आहे. म्हणून प्रत्येक आक्षेपाकडे नीट पाहावे लागेल.

प्रथम 'साधा ताप' या शब्दाविषयी. बहुतेक धडधाकट माणसांना फ्लू आठवडाभर अंथरुणात ठेवतो आणि सोडतो, हे खरेच आहे. परंतु याच आजाराला महाराष्ट्राने एकेकाळी 'मानमोडी' असे नाव दिले होते. १९१८ च्या जूनमध्ये ती साथ मुंबईत शिरली, थोडी ओसरली आणि सप्टेंबरात दुप्पट बळाने परतली. त्या वर्षीच्या ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबई शहरात ७६८ माणसे दगावल्याची नोंद आहे. साथ रेल्वेमार्गांनी देशभर पसरली. त्यात पाऊस फसलेला, धान्य महागलेले. हिंदुस्थानात किमान सव्वा कोट माणसे गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९११ ते १९२१ हे एकच दशक असे आहे की ज्यात या देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. परकीय सरकारचा कारभार तोकडा पडला तेव्हा ठिकठिकाणी स्वयंसेवक औषधांच्या बाटल्या आणि दूध घेऊन वस्त्यावस्त्यांतून हिंडले.

तो विषाणू नवा होता, आज तसे संकट दरवर्षी येत नाही. तरी २००९ साल विस्मरणात जाऊ नये. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने गेली. देशातील तो त्या साथीचा पहिला मृत्यू. शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, मुखपट्ट्या मिळेनाशा झाल्या. त्या वेळी भारतात या विषाणूची लस नव्हती. पुढे २०१५ मध्ये तोच विषाणू पुन्हा उसळला तेव्हा देशात ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि सुमारे तीन हजार माणसे दगावली. त्यांतील नऊशेहून अधिक महाराष्ट्रातील होती. एच-वन-एन-वन म्हणून ओळखला जाणारा तो विषाणू आता दरवर्षीच्या मोसमी फ्लूपैकीच एक होऊन राहिला आहे आणि मोसमी लशीत त्याचा अंतर्भाव असतो. म्हणजे 'स्वाइन फ्लूची लस' आणि 'फ्लूची लस' असे दोन वेगळे खर्च नाहीत.

दुसरा आक्षेप स्वदेशीचा, आणि तो या श्रोतृवर्गात आदराने ऐकला पाहिजे. लशीविषयीचा अविश्वास या भूमीत अज्ञानातूनच उपजला असे म्हणणे अन्यायाचे होईल. १८९७ साली मुंबईत डॉ. हाफकीन यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या अमदानीत सोजिरांनी घरांत शिरून माणसे ओढून नेली, देवघरे विटाळली. ज्या सत्तेने उंबरठा तुडविला त्या सत्तेची सुई लोकांनी कोणत्या विश्वासाने टोचून घ्यावी? अविश्वासाचे मूळ जुलमात होते. पण साथीने त्याची किंमत माणसांकडूनच घेतली. १८९९ मध्ये भगूरला सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले. १९०२ मध्ये नागपूरला बळीरामपंत आणि रेवतीबाई हेडगेवार हे दांपत्य एकाच दिवशी प्लेगला बळी पडले आणि केशव तेराव्या वर्षी पोरका झाला. साथ घरात शिरल्यावर काय होते हे ज्या चरित्रांचा आपण नित्य आदर करतो त्यांच्या पहिल्याच पानांत लिहिलेले आहे.

आजची परिस्थिती निराळी आहे. ही लस घेण्याची सक्ती कोणीही करीत नाही. आणि ती परदेशीच असते हेही आता खरे उरलेले नाही. जून २०१० मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने आणि जुलैमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूची भारतीय बनावटीची लस बाजारात आणली. दरवर्षी फिरत असलेले विषाणू ओळखण्याच्या जागतिक कामात पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा वाटा आहे. १९५२ पासून ही संस्था काम करीत आहे. स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्याने औषधाच्या दुकानात भारतीय बनावटीची लस मागावी, तो त्याचा अधिकार आहे. लसच नाकारल्याने स्वदेशीचे कोणते हित साधते, हे मात्र उमगत नाही.

याला जोडूनच आयुर्वेदाचा प्रश्न येतो. 'तुळशीचा काढा आहे, गुळवेल आहे, ऋतुचर्या आहे, मग लस कशाला?' असे पुष्कळ सात्त्विक माणसे विचारतात. त्यांनी चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय अवश्य पाहावा. जनपदोद्ध्वंस, म्हणजे सबंध प्रदेश उद्ध्वस्त करणारी साथ, हा त्याचा विषय आहे. अग्निवेश गुरूला विचारतो की, माणसांची प्रकृती, आहार, बल, वय हे सारे भिन्न असताना एकाच वेळी एकाच रोगाने ती का मरतात? आत्रेय उत्तर देतात की, वायू, जल, देश आणि काल या गोष्टी सर्वांना समान असतात, त्या बिघडल्या की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच रोगाला बळी पडतात. हा संवाद ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, गंगेच्या तीरावर झाला असे ग्रंथ सांगतो. आणि त्यात आत्रेयांची आज्ञा अशी की, संकट येण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवाव्यात. ग्रीष्माचा अखेरचा महिना म्हणजे आपला आखाजी ते मृग हाच काळ! काढा जरूर घ्यावा, घशाला बरे वाटते. परंतु इन्फ्लुएंझाच्या विषाणूला अडविणारी विशिष्ट प्रतिकारशक्ती काढ्याने निर्माण होते असे सिद्ध झालेले नाही, आणि साथीपुढे केवळ 'माझी प्रकृती उत्तम आहे' हा भरवसा पुरत नाही हे तर चरकच सांगून गेले.

करोनाच्या लशीविषयी एका वाक्यात पुरे. तो विषाणू वेगळा, हा वेगळा, त्याची लस याला चालत नाही.

आता लशीच्या मर्यादाही उघडपणे सांगितल्या पाहिजेत, कारण अर्धवट आश्वासनांनीच लोकांचा विश्वास उडतो. ही लस शंभर टक्के संरक्षण देत नाही. लशीतील आणि फिरत असलेल्या विषाणूंचा मेळ चांगला बसला त्या वर्षी फ्लूने डॉक्टरकडे जावे लागण्याचे प्रमाण साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी घटते. मेळ न बसल्यास त्याहून कमी. विषाणू रूप पालटतात आणि संरक्षणही काही महिन्यांत उतरते, म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते. सर्दी पिकविणारे इतर शेकडो विषाणू तिला ऐकत नाहीत. 'लस घेतली तरी नाक वाहिलेच' ही तक्रार त्यामुळेच होते. टोचण्याची लस मृत विषाणूंपासून केलेली असते, तिच्यामुळे फ्लू होत नाही. दंड दुखणे, एखादा दिवस कणकण हे होते. तीव्र ॲलर्जी क्वचितच, म्हणून लस घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसावे. नसांचा गियाँ-बारे नावाचा विकार दहा लाखांत एखाद-दोघांना संभवतो. पूर्वी तो झालेल्यांनी किंवा आधीच्या मात्रेने ज्यांना तीव्र त्रास झाला त्यांनी डॉक्टरांना तसे सांगितल्याखेरीज लस घेऊ नये. नाकात फवारण्याची लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूंची असते. ती गर्भवतीला चालत नाही.

हे सारे ऐकल्यावर खरा प्रश्न येतो तो पैशाचा. खाजगी दवाखान्यात एका मात्रेला हजार-दीड हजारापासून दोन हजार रुपयांपर्यंत खर्च येतो. आठ माणसांच्या घरात ऐन पेरणीच्या तोंडावर बारा-पंधरा हजार रुपये काढणे सर्वांना शक्य नाही. समजा दोनच मात्रांचे पैसे आहेत. त्या कोणाला द्याव्यात? पुष्कळ घरांत उत्तर ठरलेले असते. कमावता पुरुष पहिला, कारण तो पडला तर शेत पडेल. सून शेवटची, कारण ती स्वतः मागत नाही. तिच्या वाट्याला ताजी भाकरीही शेवटीच येते, मग लशीची काय कथा!

येथे क्रम उलटा हवा. गर्भारपणात फ्लू झाल्यास फुप्फुसांपर्यंत पोचण्याचा धोका वाढतो. शिवाय सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याला मिळणारे संरक्षण आईने गर्भारपणी घेतलेल्या लशीतूनच मिळते, म्हणून त्या एका मात्रेत दोन जीव येतात. दुसरी मात्रा मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या ज्येष्ठाला. त्यानंतर सहा महिने ते पाच वर्षे वयाची बालके. प्रथमच लस घेणाऱ्या लहान मुलाला महिन्याच्या अंतराने दोन मात्रा लागतात, हे हिशेबात धरावे. मग घरातील परिचारिका, आशाताई किंवा दवाखान्यात काम करणारी व्यक्ती, कारण ती रोज रुग्णांमध्ये वावरते. शेतात राबणारा तिशीचा निरोगी मुलगा त्यानंतर आला तरी चालेल. घरात तान्हे मूल असेल आणि ऐपत असेल तर मात्र त्यानेही घ्यावी. ती त्याच्यापेक्षा त्या बाळासाठी.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गर्भवती, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांना ही लस विनामूल्य देण्यास आरंभ केला. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ती नसल्याने प्रत्येक केंद्रावर ती नेहमीच असेल असे नाही. खाजगीत पैसे मोजण्यापूर्वी ग्रामीण रुग्णालयात किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. ज्या सेवावस्तीत चौकशी करण्याचीही सवय नाही तेथील गर्भवती भगिनींची नावे आशाताईंच्या साहाय्याने काढून त्यांना बरोबर घेऊन जाणे, हे काम कार्यकर्त्यांनी अंगावर घेण्यासारखे आहे.

वेळेचे गणित आपल्या सणांनीच सोपे केले आहे. महाराष्ट्रात फ्लू मुख्यतः पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या अखेरीस वाढतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. श्रावणात कानबाईचे रोट असतात. सुरत, नाशिक, पुणे येथे गेलेली सारी भाऊबंदकी गाडीच्या गर्दीतून त्या दिवशी एका घरात येते, एका पंगतीला बसते. कुलाचाराचा तो आनंद कोणी कमी करू नये. परंतु सुरतेहून येणाऱ्या भाच्याबरोबर खोकलाही येतो आणि तो प्रथम ओट्यावर बसलेल्या आजोबांना गाठतो. म्हणून लस मृगापूर्वी घ्यावी. राहिलीच, तर कानबाईच्या किमान पंधरा दिवस आधी. आखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हा सारे घर एकत्र असते, त्याच वेळी कोणाला द्यायची हे ठरवून टाकणे सोयीचे.

एक दक्षता खान्देशासाठी विशेष. ही लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते, आणि येथे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो. धुळ्याहून लस विकत घेऊन पिशवीत घालून एस.टी.ने शिंदखेड्याला आणली, तर टोचले जाईल ते निरुपयोगी पाणी. बर्फाला चिकटून ती गोठली तरीही वाया जाते. ज्या दवाखान्यात शीतकपाट आहे आणि वीज गेल्यावर ते सांभाळण्याची व्यवस्था आहे, तेथेच जाऊन घ्यावी. कुपीवरील मुदत आणि हंगामाचे वर्ष वाचून घ्यावे, गतवर्षीचा साठा पत्करू नये. चार विषाणूंचीच महागडी लस हवी असा हट्टही नको. बी-यामागाता हा चौथा प्रकार मार्च २०२० नंतर जगात निश्चितपणे आढळलेला नाही, तीन विषाणूंची लस पुरते.

आणि लस घेऊनही घरात कोणाला ताप आलाच, तर पहिल्याच दिवशी सलाईन आणि प्रतिजैविकांचा आग्रह धरू नये, विषाणूवर प्रतिजैविके चालत नाहीत. गर्भवती, बालक किंवा ज्येष्ठ यांना धाप लागली, ओठ निळसर दिसले, ग्लानी आली किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर रात्र काढू नये. फ्लूवरील ऑसेल्टामिव्हिर हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. लशीची चिठ्ठी आजोबांच्या साखरेच्या तपासणीच्या कागदांबरोबर लावून ठेवावी, म्हणजे पुढच्या आखाजीला कोणाची केव्हा झाली होती हे शोधत बसावे लागणार नाही.