आधी गिरवा, मग गाव रंगवा

दौंड तालुक्यातल्या आमच्या भांडगावात कुठल्याही शाळकरी मुलाला निसर्गचित्र काढायला सांगा. कागदावर दोन त्रिकोणी डोंगर येतात, मधून सूर्य डोकावतो, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. खिडकीबाहेर मात्र बांधावरची बाभूळ असते, ऊस असतो, पुणे-सोलापूर रस्त्याची वर्दळ असते आणि दूरवर भुलेश्वरच्या डोंगराची लांबट रेघ. मुलं ती पाहतच नाहीत. कुणीतरी काढलेलं, दुसऱ्यानं उतरवलेलं चित्र ती पुन्हा उतरवतात.

अशा वेळी ‘नक्कल करू नका, स्वतःचं काढा’ असा उपदेश आपण करतो. मला तो पटत नाही. अक्षर आपण गिरवून शिकलो. गाणं शिकणारा गुरूच्या मागून म्हणतो. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले विद्यार्थी अजिंठ्याला नेले आणि पुढची कित्येक वर्षं भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. पुढे ते नामवंत चित्रकार झाले. प्रश्न नक्कल करावी की नाही हा नाही. कुणाची करावी आणि कशी, हा आहे.

मी मुलांना जलरंगातलं एकच चांगलं चित्र निवडायला सांगतो. मिलिंद मुळीक यांची पुस्तकं आता गावातही पोचली आहेत. त्यांतलं एखादं खेड्याचं चित्र घ्या. पहिली दहा मिनिटं ब्रश हातात धरायचा नाही. डोळे किलकिले करून बघा : ऊन कुठून येतंय? सगळ्यात गडद जागा कोणती? कागद कोरा कुठे सोडलाय? मग रंगवायला घेतलं की एकेक गुपित उलगडतं. उन्हातलं छप्पर रंगवलेलंच नसतं. त्याच्या वळचणीची सावली रंगवलेली असते. झाडाची पानं मोजलेली नसतात. उजेड आणि सावली असे दोनच पुंजके असतात. लांबचा डोंगर फिका आणि निळसर असतो, म्हणून तो लांब जातो.

हेच चित्र तीनदा करावं. पहिल्यांदा समोर ठेवून. दुसऱ्यांदा पुस्तक मिटून. हात जिथे अडतो, तिथे आपल्याला कळलेलं नसतं. तिसऱ्यांदा मांडणी उस्तादाची आणि वस्तू आपल्या : कौलारू घराऐवजी धाब्याचं घर, आंब्याऐवजी बाभूळ. इथे खरी परीक्षा होते. पावसाळी मावळातला हिरवा रंग आपल्या चैत्रातल्या रानाला चालत नाही. माती पिवळट करडी, आभाळ पांढुरकं. उत्तर पुस्तकात सापडत नाही, बांधावर जाऊन बसावं लागतं. आणि पहिल्या दोन चित्रांखाली ‘अमुक यांच्या चित्रावरून’ असं लिहायला विसरू नये. तो प्रामाणिकपणा शिक्षणाचाच भाग आहे.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे.त शिकले, पण रंगवत राहिले घराजवळचं कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर. १९३१ मध्ये ते गेले. त्यांच्या काळातलं कोल्हापूर आता खूप बदललं, पण ते पाणी, तो उजेड त्यांच्या कागदावर राहिला.

आपल्याकडेही धाब्याची घरं पडताहेत, रस्ते रुंद झाले, जुनी झाडं गेली. मोबाइलवर फोटो भरपूर निघतात; पण तासभर बसून एका भिंतीकडे पाहणं त्यात होत नाही. आपली मुलं त्रिकोणी डोंगरच काढत राहिली, तर ही घरं कुणी न पाहताच जातील. म्हणून येत्या सुटीत मुलांना एक चांगलं चित्र गिरवायला द्या. ते जमलं, की पुस्तक घरी ठेवा आणि त्यांना सकाळी सातच्या उन्हात बांधावर पाठवा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)