जुन्या मोटारीचें मोल

मोटार जुनी झाली कीं तिची किंमत उतरते, हा सर्वांचा अनुभव. इटलींतील फेरारी कारखान्याची २५० जीटीओ ही गाडी मात्र त्यास अपवाद ठरली. १९६२ ते १९६४ या काळांत शर्यतींसाठीं अशा अवघ्या ३६ गाड्या तयार झाल्या. नवी गाडी अमेरिकेंत सुमारें १८,००० डॉलरांस मिळे. २०१८ सालीं कॅलिफोर्नियांतील लिलावांत त्यांपैकींच एक ४ कोटि ८४ लक्ष डॉलरांस विकली गेली. गाड्यांची संख्या वाढावयाची नाहीं. घेणाऱ्यांची चढाओढ तेवढी वाढली.

परंतु ओरखड्याच्या भयानें मालक अशी गाडी कुलुपांत ठेवूं लागला, तर वेगाकरितां जन्मलेलें यंत्र नुसता ठेवा बनतें. इंग्लंडांत गुडवुडच्या शर्यतींत कांहीं मालकांनीं या गाड्या पुनः पळविल्या आहेत. गाडीचे खरे धनी तेच. इतर केवळ राखणदार.