रीबूटचा तोटा कोणाच्या माथी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



व्हिडिओ गेमसारखा विषय पक्षाच्या अभ्यासवर्गात यावा, याचे काहींना नवल वाटेल. या पोरखेळाचा श्रमिकांच्या चळवळीशी संबंध काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या धंद्यात एकेका खेळावर शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबतात, अब्जावधी डॉलरचे भांडवल खेळते आणि ज्याचे काम पुण्या-मुंबईतही चालते, तो धंदा पोरखेळ म्हणून सोडून देता येणार नाही.

या धंद्याची एक रीत आहे. एखाद्या खेळमालिकेचा खप मंदावला, तरी नवे नाव रुजवण्याचा धोका भांडवल सहसा पत्करीत नाही. नाव जुनेच ठेवायचे; पात्रे, कथा आणि बाज बदलायचा; आणि मालिका पहिल्यापासून सुरू करायची. याला ‘रीबूट’ म्हणतात. येथे दोन अपेक्षा एकमेकींवर आदळतात. जुन्या चाहत्याला त्याच्या ओळखीचा खेळ हवा असतो. मालकाला जुना चाहता राखून शिवाय नवे गिऱ्हाईकही हवे असते. हे दोन्ही साधले नाही, तर भुर्दंड पडतो तो तिसऱ्यावरच, म्हणजे खेळ घडवणाऱ्या कामगारावर.

प्रथम अपेक्षेचा आकडा तपासून पाहू. मार्च २०१३ मध्ये ‘टूम रेडर’ या मालिकेचा रीबूट बाजारात आला. समीक्षकांनी तो वाखाणला आणि महिना भरण्यापूर्वीच त्याच्या ३४ लाख प्रती खपल्या. तरीही ‘स्क्वेअर एनिक्स’ या जपानी मालक कंपनीने त्याच महिन्यात जाहीर केले की, विक्री अपेक्षेइतकी झालेली नाही. चौतीस लाखांनी विकत घेतलेली वस्तू अपयशी कशी ठरते? ती ठरते, कारण यशाची रेघ गिऱ्हाइकाने ओढलेली नसते आणि कामगारानेही नाही. झालेला खर्च आणि भागधारकांना दाखवलेली नफ्याची आशा यांवरून ती आधीच ओढलेली असते. पुढे २०२१ पर्यंत याच खेळाच्या १ कोटी ४५ लाख प्रती खपल्या. तरीही २०२२ मध्ये कंपनीने तो घडवणाऱ्या ‘क्रिस्टल डायनॅमिक्स’सह आपले तीन स्टुडिओ, सुमारे ११०० कामगारांसकट, ३० कोटी डॉलरना ‘एम्ब्रेसर’ या स्वीडिश समूहाला विकून टाकले.

याच एम्ब्रेसरच्या पंखाखाली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ‘व्होलिशन’ नावाचा स्टुडिओ होता. ‘सेंट्स रो’ ही २००६ पासूनची मालिका त्याची. मूळ मालक ‘टीएचक्यू’चे दिवाळे निघाले, तेव्हा २०१३ च्या लिलावात हा स्टुडिओ मालिकेसह सुमारे २ कोटी २३ लाख डॉलरना विकला गेला होता. ऑगस्ट २०२१ मध्ये मालिकेच्या रीबूटची पहिली झलक दाखवण्यात आली आणि जुने चाहते खवळले. नवी तरुण पात्रे, त्यांचा पेहराव, त्यांची बोली, काहीच त्यांना रुचेना. ऑगस्ट २०२२ मध्ये खेळ बाजारात आला तो तांत्रिक दोषांसह. एम्ब्रेसरच्या प्रमुखांनी भागधारकांना सांगितले की, गुंतवलेला पैसा निघेल व वर नफाही होईल. मात्र इतर खेळांइतका परतावा बहुधा मिळणार नाही. म्हणजे प्रश्न तोट्याचा नव्हताच, नफा पुरेसा नसल्याचा होता.

मे २०२३ मध्ये एम्ब्रेसरचा सुमारे २ अब्ज डॉलरचा एक करार फिसकटला. हा व्यवहार पार वरच्या मजल्यावरचा. व्होलिशनच्या कामगारांचा त्यात काडीचाही हात नव्हता. परंतु जूनमध्ये ‘पुनर्रचना’ जाहीर झाली आणि ३१ ऑगस्ट २०२३ रोजी तीस वर्षांचा हा स्टुडिओ तडकाफडकी बंद करण्यात आला. टूम रेडरसोबत विकत घेतलेल्या माँट्रियलच्या स्टुडिओतूनही जानेवारी २०२४ मध्ये ९७ जणांना घरी पाठवले गेले. कर्ज काढून स्टुडिओ विकत घेण्याचा सपाटा मालकांचा. नोकरी मात्र गेली ती कामगारांची.

मग चाहत्यांचे काय? चाहता हा शत्रू नव्हे. कष्टाचे पैसे मोजून सदोष माल पदरी पडला, तर ओरड करण्याचा त्याला पुरेपूर हक्क आहे. परंतु हा राग संचालक मंडळाच्या दारापर्यंत पोचतच नाही. तो जाऊन पडतो ज्यांची नावे खेळाच्या अखेरीस झळकतात त्या चित्रकारांवर, लेखकांवर, प्रोग्रामरांवर. स्टुडिओ बंद पडला म्हणून काहींना आनंदही झाला. पण त्यांच्या आवडीचा जुना खेळ त्यामुळे परत आला काय? तो खेळ ज्यांना ठाऊक होता, ते हातच पांगले.

हा अनुभव महाराष्ट्रालाही आला आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती करण्याचे काम ‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीने आपल्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंना दिले होते. सप्टेंबर २०२० मध्ये तिची झलक दिसताच चित्रणाच्या दर्जावर जगभरातून टीकेची झोड उठली. काहींनी तर भारतीय स्टुडिओंच्या कुवतीवरच बोट ठेवले. मुदत, पैसा आणि मनुष्यबळ यांचे निर्णय या धंद्यात वरून होतात, हे कोणी विचारात घेतले नाही. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने खेळच रद्द केला.

यावर उपाय नवा नाही. तो आहे संघटना. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ‘रेव्हन सॉफ्टवेअर’मधील बारा चाचणी-कामगारांना काढण्याचा निर्णय झाला, तेव्हा डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी काम बंद केले आणि मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी युनियन उभी केली. ‘कम्युनिकेशन्स वर्कर्स ऑफ अमेरिका’ या कामगार संघटनेने मार्च २०२५ मध्ये या धंद्यातील कामगारांसाठी देशव्यापी युनियनही स्थापन केली. स्टुडिओ विकला जाताना नोकरीची हमी, बंद होताना पुरेशी भरपाई आणि कामाची मुदत ठरवताना कामगाराचा शब्द, या मागण्या अशा संघटनेवाचून कोण मांडणार?

संगणकापुढे बसणारा आपल्याकडील तरुण स्वतःला अद्याप कामगार मानीत नाही. पगारपत्रकावरचा आकडा त्याला तसे मानू देत नाही. त्याच्याशी बोलायला गेलेल्या कार्यकर्त्याने आधी त्याचे काम समजून घ्यावे आणि मग एकच प्रश्न विचारावा : यशाची रेघ कोणी ओढली, आणि ती गाठता आली नाही तेव्हा घरी कोण गेले? त्याचे उत्तर ज्याला सापडेल, त्याला युनियनचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.